डास, पाणी आणि पत्ता : साथीच्या धोक्याचे मोजमाप

साथीचे रोग गरिबांच्या वस्तीत जन्मतात आणि तेथून उरलेल्या शहरात पसरतात, ही समजूत आपल्या शहरी मध्यमवर्गात इतकी मुरलेली आहे की तिला कोणी पुरावा मागत नाही. घाण, डबके, झोपडी, रोग ही साखळी शाळेच्या पुस्तकापासून वर्तमानपत्राच्या बातमीपर्यंत सर्वत्र गृहीत धरलेली असते. विटाळाची जुनी कल्पना धर्मग्रंथांच्या भाषेत उघडपणे बोलता येईनाशी झाली, तेव्हा तिला स्वच्छतेच्या भाषेचा आसरा मिळाला. म्हणूनच 'साथीचा धोका कसा मोजतात' हा प्रश्न केवळ डॉक्टरांवर सोपवून चालणार नाही. मोजणारा कोणाच्या दारात जातो, कोणाच्या दारातून परत फिरतो, आणि मोजलेला आकडा कोणाच्या नावावर मांडतो, हे समजून घेणे सामाजिक चळवळीचेही काम आहे.

प्रस्तुत लेखात डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका या तीन विषाणूंचा विचार केला आहे. तिन्हींचा वाहक मुख्यतः एकच, एडिस इजिप्ती नावाचा अंगावर पांढरे पट्टे असलेला डास. उदाहरणासाठी पुण्याची सदाशिव पेठ घेतली आहे. तिला एक कारण आहे. ही पेठ कोणाच्याही मते गलिच्छ वस्ती नाही. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने ती ओळखली जाते आणि विद्या, शिस्त व सोवळे यांचा तिचा लौकिक जुना आहे. पण या डासाला जे जे लागते, ते सारे तेथे आहे.

१. डासाला काय लागते?

मलेरियाचा डास वेगळा, हत्तीरोगाचा वेगळा. गटाराच्या पाण्यात वाढणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा डास बहुधा क्युलेक्स असतो. एडिस इजिप्तीची रीत निराळी आहे. त्याला माणसाने साठवलेले, बऱ्यापैकी स्वच्छ आणि स्थिर पाणी लागते. पिंप, रांजण, सिमेंटची टाकी, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवर टाकलेला टायर, बांधकामावरचा हौद, वापरात नसलेली विहीर ही त्याची घरे. मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात. पाणी पुन्हा वर चढले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, भांडे आतून घासावे लागते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' या सूचनेमागे एवढेच गणित आहे.

ही मादी दिवसा चावते. सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत तिचा जोर अधिक असतो. ती फार दूर उडत नाही, बहुतेक शंभर-दोनशे मीटरच्या आतच वावरते. कपाटामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत बसून राहते. आजारी माणसाचे रक्त तिने प्यायले, तरी ती लगेच रोग देऊ शकत नाही. विषाणूला तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोहोचायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. हवा उबदार असेल तर कमी लागतात. त्यानंतर मात्र ती जगेल तोवर रोग देत राहते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. कालच जन्मलेले हजार डास विषाणूच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी असतात, आणि तीन आठवडे जगलेले दहा डास घातक ठरू शकतात. हिवतापाचा परजीवी डासात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत दाखवले. पुढे त्यांनीच गणिताने असे मांडले की रोग थांबवण्यासाठी शेवटचा डास मारण्याची गरज नसते. एका रोग्यापासून सरासरी एकापेक्षा कमी नवे रोगी होऊ लागले की साथ आपोआप ओसरते. धोक्याचे सारे मोजमाप या एका वाक्यावर उभे आहे.

२. पाण्याचा इतिहास हाच डासाचा इतिहास

पाणी कोणी, कोठे आणि का साठवून ठेवावे लागते, हा प्रश्न महाराष्ट्रात कधीच निव्वळ नळजोडणीचा नव्हता. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून दगडी नळ बांधून पुण्याच्या पेठांतील हौदांत पाणी आणले. त्या पाण्यावर अस्पृश्यांचा अधिकार नव्हता. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही घटना त्या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिचे वजन कळते. पुढे १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायला बाबासाहेबांना हजारो माणसांसह जावे लागले. ज्याला पाणी हक्काने आणि रोज मिळत नाही, त्याला ते साठवावेच लागते. आणि साठवलेल्या पाण्याबद्दल त्यालाच दोष द्यायचा, ही आजची रीत आहे.

बार्शीचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. सोलापूर जिल्ह्यातील या गावात १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली. ताप आणि सांधेदुखी यांनी घरेच्या घरे अंथरुणाला खिळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तिचा तपास केला. १९७२ चा दुष्काळ नुकताच महाराष्ट्राने भोगला होता. दुष्काळात डास कमी होतात असे सामान्यतः वाटते, पण घरातल्या रांजणावर जगणाऱ्या डासाला ते लागू पडत नाही. बाहेरचे पाणी आटले की घरातले साठवण वाढते, आणि हा डास नेमका घरात असतो.

या साथीनंतर चिकुनगुन्या देशातून जवळजवळ दिसेनासा झाला. सुमारे तीन दशके लोक त्याचे नावही विसरले. मात्र २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या एडिस डासांत हा विषाणू सापडला. तो जुन्या आशियाई वंशाचा नव्हता, आफ्रिकी वंशाचा होता. पुढे २००५ च्या अखेरीस साथ सुरू झाली आणि २००६ साली देशात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. ती याच आफ्रिकी वंशाच्या विषाणूची होती. यवतचा विषाणू ही पाच वर्षे आधी मिळालेली सूचना होती, असे आज मागे वळून म्हणता येते. डासांवर सतत नजर ठेवण्याचे मोल यातून समजावे. रुग्ण दवाखान्यात आल्यावर मोजणी सुरू करणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे.

३. निर्देशांक आणि त्यांतील फसवणूक

महापालिकेचे कर्मचारी घरोघर जाऊन पाणी तपासतात. त्यातून तीन आकडे काढतात. तपासलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या मिळाल्या, हा घर निर्देशांक. पाणी असलेल्या शंभर भांड्यांपैकी किती भांड्यांत अळ्या मिळाल्या, हा भांडी निर्देशांक. आणि दर शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, हा ब्रेटो निर्देशांक. घर निर्देशांक एकाखाली आणि ब्रेटो पाचाखाली असेल तर भीती नाही, असा एक जुना ठोकताळा आहे. तो मुळात पीतज्वराच्या अनुभवावरून आलेला आहे. डेंगीला तो भरवशाने लागू पडत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गल्लीत १३० घरे आहेत. त्यांपैकी ३० घरे बंद आहेत किंवा त्यांनी दार उघडले नाही. तपासलेल्या १०० घरांपैकी १२ घरांत अळ्या निघाल्या. त्या घरांत पाण्याची ४०० भांडी होती, त्यांपैकी २० भांड्यांत अळ्या होत्या. घर निर्देशांक १२, भांडी निर्देशांक ५, ब्रेटो २०. अहवाल तयार झाला. आता त्याच शंभर घरांकडे नीट पाहू. साठ घरे नव्या इमारतींतील सदनिका आहेत, चाळीस बिऱ्हाडे जुन्या वाड्यांतील आहेत. सदनिकांत फक्त २ घरांत अळ्या होत्या, वाड्यांत १० बिऱ्हाडांत. म्हणजे वाड्यात दर चार बिऱ्हाडांमागे एक, आणि सदनिकांत तीसमागे एक. सरासरीने दोन्ही वास्तवे झाकून टाकली.

इतक्यावरही थांबता येत नाही. त्या बंद ३० घरांचे काय? कोणाचा मालक परगावी आहे, कोणाचा वारसाहक्काचा दावा वर्षानुवर्षे कोर्टात पडून आहे, आणि वाड्याच्या चौकातली विहीर किंवा जमिनीतली टाकी झाकणाविना आहे. अशा एका टाकीतून जितके डास उडतील तितके वीस कुंड्यांतून उडणार नाहीत. अळ्या पुष्कळ मरतात, कोषापर्यंत पोहोचलेल्या बहुतेक डास होतात. म्हणून अनेक तज्ज्ञ आता कोष मोजा, आणि कोणत्या प्रकारच्या भांड्यात ते जास्त मिळतात ते पाहा, असे सांगतात. पण कुलूप लावलेल्या दाराआड कोष मोजायचे कसे? झोपडपट्टीत तपासनीस विचारल्याशिवाय पिंपाचे झाकण उचलतो. प्रतिष्ठितांच्या सोसायटीच्या फाटकाशी त्याला ओळखपत्र मागितले जाते, साहेब घरी नाहीत म्हणून सांगितले जाते. परिणामी जेथे तपासणी सोपी, तेथे अळ्या जास्त 'सापडतात'. तपासणीतली विषमता आकड्यात उतरते, आणि आकडा मग शास्त्र म्हणून मिरवतो.

४. रोगाचा पत्ता आणि रोग्याचा पत्ता

साथीचे नकाशे बहुधा रोग्याच्या राहत्या पत्त्यावरून काढले जातात. हा डास दिवसा चावतो, हे एकदा ध्यानात घेतले की या पद्धतीतला दोष स्पष्ट होतो. दिवसा माणूस कोठे असतो?

सदाशिव पेठेत सकाळी धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला येणाऱ्या बायका दांडेकर पूल, पर्वती पायथा, जनता वसाहत अशा भागांतून येतात. डासाच्या चावण्याची जी वेळ, तीच त्यांची दुसऱ्याच्या मोरीत उभे राहण्याची वेळ. त्यांपैकी एखादीला तेथे डास चावला, आठवड्याने ताप आला, आणि रक्ततपासणी झालीच, तर कागदावर पत्ता कोणता लागेल? वस्तीचा. औषधफवारणी होईल वस्तीत. बातमीत नाव येईल वस्तीचे. ज्या घरातल्या कुंडीत तो डास वाढला, ते घर नकाशावर निर्दोष राहील.

ही केवळ कल्पना नव्हे. पेरू देशातील इकीटोस शहरात झालेल्या अभ्यासाने २०१३ साली दाखवले की डेंगीचा प्रसार मुख्यतः माणसांच्या एका घरातून दुसऱ्या घरात होणाऱ्या ये-जांमुळे होतो. डास जवळपासच राहतो, विषाणूला गावभर फिरवतो तो माणूस. सिंगापूरने घरातल्या अळ्या जवळजवळ संपवल्या होत्या, तरी १९९० च्या दशकात तेथे डेंगी पुन्हा वाढला. त्याची दोन मुख्य कारणे सांगितली जातात. एक, लोकांची प्रतिकारशक्ती दीर्घकाळात घटली होती. दुसरे, माणसे घराबाहेर, कामाच्या व शाळेच्या ठिकाणी चावली जात होती.

तिसरे उदाहरण याहून बोलके आहे. अमेरिकेतील टेक्सासचे लारेडो आणि मेक्सिकोतील न्यूव्हो लारेडो ही नदीच्या दोन काठांवरची जुळी शहरे. १९९९ च्या साथीनंतर दोन्हीकडे तपासणी झाली. एडिस डास अमेरिकी बाजूला जास्त होते, पण डेंगी होऊन गेलेली माणसे मेक्सिकोच्या बाजूला जास्त निघाली. फरक होता घरांचा. एका काठावर वातानुकूलित, बंद खिडक्यांची घरे, दुसऱ्या काठावर उघडी. म्हणजे डासांची संख्या हा धोक्याचा एक भाग झाला. डास आणि माणूस यांच्यामध्ये भिंत, जाळी, खिडकी आहे की नाही, हा दुसरा भाग. तो खिशातील पैशाने ठरतो.

५. रुग्णसंख्या कोणाची?

झिका विषाणू १९४७ साली युगांडातील झिका जंगलात सापडला. पुण्यात १९५२ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याच्या आरंभीच्या पाहणीत भारतीयांच्या रक्तात झिकाविरोधी प्रतिपिंडांच्या खुणा दिसल्याचे १९५४ साली प्रसिद्ध झाले होते. हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते, आणि ते पुण्यातील डॉ. आंबेडकर मार्गावर आहे. महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण नोंदला गेला तो जुलै २०२१ मध्ये, पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी. त्यानंतर जून २०२४ मध्ये पुणे शहरात झिका आला. पहिले रुग्ण मिळाले ते सदाशिव पेठेच्या नदीपलीकडच्या एरंडवण्यात आणि नंतर मुंढव्यात. वर्षअखेरपर्यंत देशात १५१ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी १४० महाराष्ट्रातले, आणि त्यांतले बहुसंख्य पुणे जिल्ह्यातले.

या आकड्याचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. झिका झालेल्या दर पाचांपैकी सुमारे चार जणांना काहीही लक्षण दिसत नाही. त्याचा खरा धोका गर्भाला असतो. बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, डोके लहान राहते. त्यामुळे बाधित भागांत गरोदर स्त्रियांची तपासणी करण्यात आली, आणि नोंदलेल्या रुग्णांत त्यांचा मोठा भाग होता. याचा अर्थ झिका गरोदर स्त्रियांनाच होतो असा नाही. जेथे शोधले तेथे सापडले, एवढाच आहे. ज्या जिल्ह्यात शून्य रुग्ण, तेथे विषाणू नाही असे म्हणण्याआधी विचारावे लागते : तेथे किती जणांचे रक्त तपासले?

डेंगीचीही तीच गत. सरकारी गणनेत एलायझा पद्धतीच्या चाचणीला मान्यता आहे. दवाखान्यातल्या झटपट पट्टीवर निदान झालेला रुग्ण बहुधा 'संशयित' राहतो. ज्याला एक दिवसाचा रोज बुडवणे परवडत नाही, तो तापाची गोळी घेऊन कामावर जातो आणि कोणत्याच रकान्यात येत नाही. दफ्तरी नोंद नाही म्हणून धोका नाही, आणि धोका नाही म्हणून खर्च नाही, असे हे चक्र आहे.

६. धोका म्हणजे तीन गोष्टी

सारांशाने असे मांडता येईल. धोक्याचे तीन घटक आहेत : विषाणू व डास यांची उपस्थिती, माणसाचा त्यांच्याशी येणारा संपर्क, आणि आजार झाल्यास तो पेलण्याची त्या माणसाची ताकद. पहिला घटक सदाशिव पेठेतला प्राध्यापक आणि त्याच्या घरी काम करणारी बाई यांना जवळजवळ सारखाच आहे. दुसऱ्या घटकात फरक पडू लागतो. तिसऱ्यात दरी आहे.

सदाशिव पेठेत आणखी एक समाज राहतो, तो मतदारयादीत नसतो. स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगर येथून आलेली मुले-मुली. एका खोलीत चार-पाच जण, कॉट बेसिसवर. दिवसभर अभ्यासिकेत, दोन वेळा मेसमध्ये. त्यांत आपल्या समाजाची, घरातली पहिली पदवीधर अशी मुले पुष्कळ आहेत. डेंगीचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराने झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून कायमचे संरक्षण देत नाही, उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाल्यास आजार गंभीर होण्याचा संभव वाढतो. शहराच्या आकड्यात असा विद्यार्थी म्हणजे एक. त्याच्या घरच्या हिशेबात तो म्हणजे विकलेली शेळी, काढलेले कर्ज, आणि हुकलेली परीक्षा, जिच्यासाठी वयाची अट आहे. ताप अंगात असताना तो एसटीने गावी गेला, तर विषाणूही त्याच्याबरोबर गावच्या रांजणापर्यंत पोहोचतो. लागण झालेल्याच्या रक्तात ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पुढे चार-पाच दिवस विषाणू असतो. त्या काळात त्याने दिवसाही मच्छरदाणीत राहणे हे गावासाठी सर्वांत स्वस्त औषध आहे.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. डेंगीत खरा धोक्याचा काळ ताप उतरताना येतो. पोटात सतत दुखणे, उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची सुस्ती यांपैकी काही दिसल्यास ताप गेला म्हणून समाधान न मानता रुग्णालय गाठावे. तापासाठी पॅरासिटामोल चालते, ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळावे.

७. आपण काय करावे?

धुराची गाडी आली की काहीतरी झाले असे लोकांना वाटते. तो धूर रस्त्यावर उडणाऱ्या डासांना मारतो. कपाटामागे बसलेली मादी आणि टाकीतल्या अळ्या सुखरूप राहतात. हे काम ज्यांच्या वाट्याला येते त्यांच्या फुप्फुसांचा हिशेब तर कोणीच ठेवत नाही. धूर साथीच्या ऐन भरात थोडी मदत करतो, पण पाणीपुरवठ्याचे काम तो करू शकत नाही.

विद्यार्थ्यांनी आपल्या अभ्यासिकेची आणि मेसची भांडी दर आठवड्याला स्वतः तपासावीत. जीवशास्त्राचा हा धडा फुकट मिळतो. शिक्षकांनी वर्गात तिन्ही निर्देशांक काढून घ्यावेत, आणि सरासरी काय लपवते हेही दाखवावे. कार्यकर्त्यांनी प्रभागात चार प्रश्न लेखी विचारावेत. किती घरे तपासली आणि किती बंद होती? कोणत्या भागात किती रक्तनमुने घेतले? रोग्याचा कामाचा पत्ता नोंदवला की नुसता राहण्याचा? आणि ज्या वस्तीला साठवण केल्याबद्दल नोटीस दिली, तिला रोज किती तास पाणी देता? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत पहिल्या तिन्हींची उत्तरे अपुरी आहेत.

पुण्याने साथीचे मोठे अनुभव घेतले आहेत. १८९७ च्या प्लेगात घराघरांत शिरून झालेल्या झडतीचा संताप पेठांनी केला, त्याचा इतिहास आपल्याला तपशिलाने शिकवला गेला. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्चला गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या होत्या, असे सांगतात. रोगी कोठून आला हे त्यांनीही विचारले असेल, पण त्याला तेथून आणण्यासाठी. आजचे धोक्याचे नकाशे त्याच कामासाठी काढले जावेत, हा आपला आग्रह असला पाहिजे.